माणसांपेक्षा चुली जास्त वाढल्या

नागपूरच्या नंदनवनातून मी तुमच्याशी बोलते आहे. बचत गटात घरासाठी कर्ज मागायला आलेली बाई बहुतेक वेळा सांगते, "वाटणी झाली, आता वेगळं बांधायचं आहे." म्हणून आज बोलू या घर आणि विटा-रेतीबद्दल.

जनगणनेचे आकडे पाहा. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या ९ कोटी ६९ लाखांवरून ११ कोटी २४ लाखांवर गेली. ही वाढ साधारण १६ टक्के. पण कुटुंबं १ कोटी ९१ लाखांवरून २ कोटी ३८ लाखांवर गेली, म्हणजे २५ टक्के वाढ! आठ जणांच्या एका घराची चार-चार जणांची दोन घरं झाली, तर माणूस एकही वाढत नाही. पण स्वयंपाकघरं दोन लागतात, संडास दोन आणि छतंही दोन.

हे सामान येतं कुठून? लाल वीट होते मातीची, ती बरेचदा शेतातलीच. रेती येते कन्हानसारख्या नदीतून. पात्रातली रेती पाणी धरून ठेवते. ती बेसुमार उपसली की काठच्या विहिरी आटतात आणि हंडा घेऊन लांब जावं लागतं ते आपल्यालाच.

घर बांधू नका, असं मी म्हणत नाही. सुनेलाही स्वतःची चूल हवीशी वाटते. पण कर्ज उचलण्याआधी चार गोष्टी ठरवा.

दोन भाऊ शेजारी-शेजारी बांधत असतील, तर मधली भिंत एकच ठेवा आणि तसं लेखी करून घ्या. १० फूट लांब, १० फूट उंच अशा ९ इंची भिंतीला सुमारे हजार विटा लागतात. तेवढ्या वाचतील.

जुनं घर पाडताना सागाची लाकडं, दारं, कवेलू भंगाराच्या भावात देऊ नका. काय पुन्हा वापरता येईल, ते मिस्त्रीला आधी विचारा.

कोराडी, खापरखेड्याच्या वीज केंद्रांतून राख निघते. अशा राखेच्या विटांचाही भाव काढा. त्या भट्टीत भाजाव्या लागत नाहीत, शेताची मातीही वाचते. घेताना दोन विटा एकमेकींवर वाजवून पाहा. आवाज खणखणीत यायला हवा.

आणि शेवटचं. हप्ता आपण फेडणार असू, तर घराच्या कागदावर आपलंही नाव हवं.

पुढच्या बैठकीत मोजून पाहा, दहा वर्षांपूर्वी तुमच्या गल्लीत चुली किती होत्या आणि आज किती आहेत.