वनस्पतींचे अर्क आणि कर्करोगाचा प्रतिबंध



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर व कापडाचा व्यापारी. वैद्यक हा माझा विषय नव्हे. तथापि हळद-तुळशीच्या अर्काने कर्करोग टळतो, असे आपल्या घराघरांत ऐकू येते आणि त्या विश्वासावर काही जण उपचारही लांबणीवर टाकतात. म्हणून अशा अर्कांची परीक्षा कशी होते, ते थोडक्यात मांडतो.

वनस्पती वाळवून तिची भुकटी अल्कोहोलसारख्या द्रावकात भिजवितात व गाळून अर्क काढतात. पहिली कसोटी काचपात्रात होते. ब्रूस एम्स यांनी १९७० च्या दशकात रूढ केलेल्या चाचणीत जिवाणू वापरतात. डीएनएमध्ये बिघाड करणाऱ्या द्रव्याला अर्क आळा घालतो का, हे तीवरून अजमावता येते. येथे टिकलेला अर्क पुढे प्राण्यांवर तपासला जातो. अहिंसा मानणाऱ्या आपल्या मनाला ही पायरी क्लेश देते. समाधान एवढेच, की अमेरिकेने २०२२ मध्ये व भारताने २०२३ मध्ये नियम बदलून प्राण्यांऐवजी अन्य पद्धतींना वाव दिला.

अंतिम कसोटी माणसांवरच होते. तुकड्याचा नमुना पाहून रंग पक्का ठरत नाही, तो धुतल्यावरच ठरतो. भाज्या-फळे खाणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी आढळे; म्हणून फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. त्यांतील काहींना बीटा-कॅरोटिन, तर काहींना तशीच दिसणारी निर्गुण गोळी पाच ते आठ वर्षे दिली. १९९४ मध्ये निष्कर्ष आला : बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत हा कर्करोग १८ टक्के अधिक!

हळदीतील करक्युमिन काचपात्रात गुणकारी दिसते. परंतु ते रक्तात फारच थोडे शोषले जाते. त्याच्या अधिक मात्रेच्या गोळ्यांनी यकृतास इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. आमटीतील चिमूटभर हळदीला मात्र हे लागू नाही.

याचा अर्थ वनस्पती निरुपयोगी, असा नव्हे. सदाफुलीपासून मिळालेली व्हिन्क्रिस्टिन व व्हिन्ब्लास्टिन ही औषधे कर्करोगाच्या उपचारांत आजही वापरली जातात. पण ती शुद्ध करून, मात्रा ठरवून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिली जातात. घरी सदाफुलीची पाने खाणे विषारी ठरू शकते.

बंधू-भगिनींनो, सुपारीही वनस्पतीच आहे. जेवणानंतर ती आपण निर्धास्तपणे चघळतो. तंबाखू नसली तरी सुपारी मानवात कर्करोग निर्माण करते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये जाहीर केले आहे. तेव्हा नवा अर्क शोधण्याआधी सुपारी व तंबाखू सोडावी आणि तोंडातील न भरणारी जखम किंवा पांढरा चट्टा तत्काळ डॉक्टरांना दाखवावा, अशी सर्वांना नम्र विनंती करून मी माझे भाषण संपवितो.