परसातला गादीवाफा



जवळा बाजार गावची आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते.
मुळांना हवा मिळत नाही.
कोवळी रोपं पिवळी पडतात.

म्हणून वाफा उंच करा.
जुन्या विटा रचा, वीतभर उंच.
रुंदी एवढीच, की दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचावा.

आत माती, मुरलेलं शेणखत, थोडी वाळू.
मूठभर घेऊन दाबा, बोटानं टोचा.
भुसभुशीत फुटली, की माती जमली.

दिवाळीनंतर मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर पेरा.
धने मात्र आधी हलके रगडा.
प्रत्येकाचे दोन भाग सुटले पाहिजेत.
किती जण हे विसरतात!

पाणी झारीनं, सकाळी.
पुन्हा सांगते, वाफा उंच ठेवा.
पाणी साचू देऊ नका.

आणि पालक उपटू नका, पानं खुडा.
तो परत फुटतो.