दप्तर संगणकात गेलं, राखण कुणाची?



बचत गटाचं दप्तर पूर्वी पत्र्याच्या पेटीत असायचं. कुलूप घातलं, किल्ली अध्यक्षाताईंकडे दिली, की काम झालं. आता तेच दप्तर संगणकात गेलंय. आमच्या प्रभागसंघाच्या कार्यालयात चार संगणक आहेत, एक प्रिंटर आहे आणि सगळ्यांना जोडणारा एक राऊटर. त्यात गटांचे जमाखर्च, ठराव, बँकेचे कर्जप्रस्ताव तर आहेतच, शिवाय बायकांच्या आधार कार्डांच्या आणि पासबुकांच्या स्कॅन केलेल्या प्रतीही आहेत.

अँटिव्हायरसच्या खर्चाचा विषय मासिक बैठकीत निघाला तेव्हा एका ताईंनी सरळ विचारलं, "महिन्याला शंभर रुपये टाकणाऱ्या बाईच्या पैशातून हे घ्यायचं, तर तिला काय सांगायचं?" प्रश्न रास्त होता. म्हणून दुकानात जाण्याआधी आम्ही चौघी-पाच जणी बसलो आणि रोग येतो कुठून, ते आधी बघितलं.

आमच्याकडे तो बहुतेक पेनड्राइव्हमधून येतो. पेनड्राइव्ह म्हणजे लग्नसराईतलं उसनं पातेलं. आज या घरी, उद्या त्या घरी. झेरॉक्सच्या दुकानात जातो, शाळेत जातो, कुणाच्या तरी मुलाच्या लॅपटॉपला लागतो आणि मग आमच्या लेखापालताईंच्या संगणकावर येतो. फोल्डर उघडायला जावं तर सगळ्यांचे शॉर्टकट झालेले, हा प्रकार तुमच्यापैकी अनेकींनी पाहिला असेल. दुसरी वाट ईमेलची. 'बिल', 'नोटीस' अशा नावाची फाइल येते आणि घाईत उघडली जाते.

त्यात संगणक एकमेकांना जोडलेले. एका घराला आग लागली की शेजारच्या छपराला धग लागतेच. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर व्हायरस दीडशेहून जास्त देशांत पसरला, तो असाच, एका संगणकातून दुसऱ्यात, कुणी काही न उघडता. फायलींना कुलूप लावायचा आणि किल्लीसाठी पैसे मागायचा. यात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी अपडेट घेतलं नव्हतं ते अडकले.

म्हणून पहिलं काम आम्ही फुकटातलं केलं. चारही संगणकांचं विंडोज अस्सल आहे का आणि अपडेट होतं का, ते तपासलं. एक जुना संगणक विंडोज १० चा निघाला, त्यावर ११ चढत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले. दुकानदार म्हणाला, "चांगला अँटिव्हायरस टाका, चालून जाईल." हे आम्हाला पटलं नाही. भिंतीला भोक असताना दाराशी कितीही चांगला राखणदार बसवला तरी काय उपयोग? तो संगणक आम्ही राऊटरवरून काढला. आता त्यावर फक्त टायपिंग होतं, बायकांची कागदपत्रं त्यावर नाहीत.

उरलेल्या तिघांवर विंडोज ११ आहे. मायक्रोसॉफ्टचा 'डिफेंडर' त्यात आधीच बसवलेला असतो, वेगळे पैसे लागत नाहीत. तो कमी प्रतीचा, असं दुकानात नेहमी सांगतात. जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कंपॅरेटिव्हज या स्वतंत्र संस्था अशा सॉफ्टवेअरच्या परीक्षा घेतात आणि निकाल सगळ्यांना बघायला ठेवतात. तिथे डिफेंडरला गेली काही वर्षं चांगले गुण मिळताहेत. त्यात 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' नावाची एक सोय आहे. अनोळखी प्रोग्रामला ठरवलेल्या फोल्डरमधल्या फायली बदलू न देणारी. ती बंद असते, आपण चालू करावी लागते. आम्ही हिशोबाच्या फोल्डरसाठी केली.

इंटरनेटवरचे मोफत अँटिव्हायरस मात्र नको म्हटलं. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या अटींत 'फक्त घरगुती वापरासाठी' असं लिहिलेलं असतं. कार्यालयात ते चालत नाहीत. कुणी क्रॅक केलेली प्रत 'टाकून देतो' म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. अशा प्रतीतूनच व्हायरस येतात.

मग विकत काहीच घेतलं नाही का? एक घेतलं. दाराजवळच्या संगणकाला आम्ही 'उंबरठ्याचा संगणक' म्हणतो. बाहेरून आलेला प्रत्येक पेनड्राइव्ह आधी तिथेच लागतो, दुसरीकडे लावायचा नाही. तिथे पैसे देऊन घेतलेला अँटिव्हायरस आहे, कारण आम्हाला पेनड्राइव्ह लावताक्षणी आपोआप तपासणारा हवा होता आणि अडचण आल्यावर फोनवर आपल्या भाषेत बोलणारं माणूसही हवं होतं. क्विक हील ही तर आपल्या पुण्याचीच कंपनी, बाहेरच्याही बऱ्याच आहेत. नावापेक्षा आम्ही दुकानदाराला विचारलं ते असं: पुढच्या वर्षी नूतनीकरण याच किमतीत होईल की पहिल्या वर्षाचीच सवलत आहे? चार जीबी रॅमवर संगणक रांगणार तर नाही ना? बिल संघाच्या नावाने, जीएसटीसह मिळेल ना? शेवटचा प्रश्न ऑडिटच्या वेळी आठवतो, म्हणून आधीच सांगतो.

एका संगणकावर दोन अँटिव्हायरस घालू नका. दोघे एकमेकांनाच चोर समजतात आणि यंत्र मंदावतं. दुसरा घातला की डिफेंडर स्वतःहून बाजूला होतो, ते ठीकच आहे. तुमच्याकडे दहा-पंधरा संगणक असतील तर एकाच जागेवरून सगळ्यांची स्थिती दाखवणारी कार्यालयीन आवृत्ती घ्या. आमच्याकडे चारच आहेत, दर सोमवारी एक ताई हिरवी खूण आहे का ते फिरून बघते.

वाचलेल्या पैशात आम्ही बाहेरून जोडायची हार्ड डिस्क घेतली. कोणताही अँटिव्हायरस शंभर टक्के पकडत नाही, हे दुकानदारही मान्य करतो. शनिवारी सगळं दप्तर तिच्यावर उतरवायचं आणि लगेच काढून कपाटात ठेवायची. जोडलेली राहिली तर खंडणीखोर तिलाही कुलूप लावेल.

आणखी एक. स्क्रीनवर अचानक 'तुमच्या संगणकात व्हायरस सापडला, या नंबरवर फोन करा' असं आलं तर फोन करायचा नाही. तो नंबर ठगाचा असतो. तुमच्या संगणकाचा ताबा मागतो आणि बँकेच्या खात्यापर्यंत जातो. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या सरकारी मदत क्रमांकावर तक्रार करा.

त्या ताईंना पुढच्या बैठकीत आम्ही बिल दाखवलं आणि शनिवारची डिस्क कपाटातून काढून तीही दाखवली. त्यांनी विचारलं, "कपाटाची किल्ली कुणाकडे?" आता एक अध्यक्षाताईंकडे आणि एक लेखापालताईंकडे आहे. अँटिव्हायरसची मुदत संपण्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिली आहे, महिनाभर आधीच्या पानावर.