रजा संपल्यावर
गौरीगणपतींचे विसर्जन झाले की आम्हां चाकरमान्यांचे पाय जड होतात. आई पिशवीत नारळ कोंबते, "शिमग्याक येतलंस मां?" म्हणून विचारते. आम्ही मान डोलावतो. रजा आमच्या हातची नाही, हे तीही जाणते. 1998 साली कोकण रेल्वे सबंध मार्गावर धावू लागली, वाट सोपी झाली. पण उंबरठा ओलांडणे पूर्वीइतकेच कठीण. आणि सुट्टी मागताना आम्ही ओशाळावे कशाला? मुंबईच्या गिरणीकामगारांना रविवारसुद्धा नारायण मेघाजी लोखंडे झगडले तेव्हा, 1890 साली, मिळाला. सोमवारी कचेरीत बसलो तरी पहिला तास आम्ही गावीच असतो. साहेब रागावतात, तेही रास्तच. पण दुपारी त्यांच्याही डब्यातून गावच्या करंज्याच निघतात.