होडीवरचा एलईडी लुकलुकतोय? दिवा बदलायच्या आधी हे ऐका

आजचा भाग ठाणे, डोंबिवली, कल्याणकडच्या खाडीत होडी चालवणाऱ्यांसाठी. चेंदणी कोळीवाडा असो की मोठागाव रेतीबंदर, एक तक्रार सारखीच: "नवा एलईडी लावला, तरी लुकलुकतोच."

हे नुसतं डोळ्यांना त्रास देणारं नाही हं. अंधारात तुमची होडी दिव्यांवरूनच ओळखतात. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा. समोरून दोन्ही दिसायला हवेत. त्यातला एक गेला की समोरच्याला वाटतं, तुम्ही वळताय.

जुन्या बल्बची तार तापलेली असायची, त्यामुळे क्षणभर करंट तुटला तरी कळायचं नाही. एलईडी लगेच विझतो. म्हणजे तो वायरिंगची चुगली करतोय! दोष बहुतेक वेळा जोडात असतो.

आता तपासायचं कसं?

आधी इंजिन बंद ठेवून दिवा लावा आणि एकेक जोड हलक्या हाताने हलवा. लुकलुकला, तर दोष तिथेच सापडला.

मग इंजिन चालू करा. आत्ताच लुकलुकतोय? हादऱ्याने सैल होणारा जोड किंवा चार्जिंग, दोन्ही बघा. १२ व्होल्टच्या बॅटरीवर मीटर साधारण १३.८ ते १४.४ दाखवायला हवा. १५ च्या वर गेला तर चार्जिंग दाखवून घ्या, नाहीतर नवा दिवाही जाईल.

तिसरी तपासणी सगळ्यात कामाची. दिवा चालू ठेवा. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी दिव्याच्या निगेटिव्हला. आकडा शून्याजवळ हवा. अर्धा व्होल्ट दिसला, तर मधे कुठेतरी गंज आहे. पॉझिटिव्हलाही असंच करा, फक्त पिन पॉझिटिव्ह टोकांना लावा.

दुरुस्तीआधी बॅटरी सोडवा. वायर सोला. आत तांबं हिरवं-काळं दिसलं, तर चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत जा. पीळ देऊन काळी टेप गुंडाळू नका, खारं पाणी आत शिरतंच. लग दाबून बसवा, वर गोंदवाली हीट-श्रिंक नळी चढवा. नवी वायर घेणार असाल तर कलई केलेली घ्या.

दीडशे रुपयांचा दिवा बदलण्याआधी दहा मिनिटं मीटर लावा. रात्री समोरून कुणी येत असेल, तर त्याला तुमचे दोन्ही दिवे स्थिर दिसू देत.

तुमच्या मीटरवर काय आकडा आला, व्हॉइस नोटमध्ये सांगा. भेटू पुढच्या भागात!