वंदनीय मावशींनी जगून दाखविलेले मांगल्य



महाराष्ट्रातल्या आणि विदर्भातल्या अनेक घरांत आज एक आजी आहे. कोणे एके काळी, परकरी पोर असताना, ती सायंकाळी समितीच्या शाखेत जात असे. पुढे तिने संसार केला, मुले वाढविली, दारी आलेल्याला रिकाम्या हाताने जाऊ दिले नाही, आणि वस्तीतल्या मुलींना गोळा करून चार चांगल्या गोष्टी शिकविल्या. या आजीच्या पिढीला घडविणारी थोरली आजी म्हणजे राष्ट्र सेविका समितीच्या संस्थापिका, वंदनीय लक्ष्मीबाई केळकर. सेविका त्यांना मावशी म्हणत. आईच्या पाठोपाठ हक्काने हाक मारावी असे आपल्याकडचे नाते मावशीचेच!

६ जुलै १९०५ रोजी नागपूरच्या दाते कुटुंबात मावशींचा जन्म झाला. माहेरचे नाव कमल. त्यांच्या आई शेजारपाजारच्या स्त्रियांना जमवून ‘केसरी’ वाचून दाखवीत. राष्ट्रकार्याचा पहिला पाठ कमलला असा घरच्या ओसरीवरच मिळाला. शालेय शिक्षण फार झाले नाही. चौदा-पंधराव्या वर्षी वर्ध्याचे वकील पुरुषोत्तमराव केळकर यांच्याशी विवाह झाला. पुरुषोत्तमराव बिजवर, पहिल्या पत्नीच्या दोन मुली घरात होत्या. स्वतः बालवयात असलेली ही नववधू उंबरठा ओलांडताक्षणीच आई झाली. पुढे सहा पुत्र झाले.

१९३२ साली पुरुषोत्तमरावांचे निधन झाले. त्या वेळी मावशींचे वय होते अवघे सत्तावीस वर्षांचे. पदरी मुले, घरात विधवा नणंद आणि मिळवता हात नाहीसा झालेला! घराचा काही भाग भाड्याने देऊन त्यांनी संसाराचा गाडा ओढला. येथे क्षणभर थांबून विचार करावयास हवा. त्या काळच्या रूढीने अशा स्त्रीसाठी कोणती जागा राखून ठेवली होती? माजघराचा अंधारा कोपरा. मंगल कार्यात तिने पुढे यावयाचे नाही, हळदीकुंकवाला तिला बोलावणे नाही, सकाळी कोणाच्या समोर जावयाचे नाही. मावशींनी ही जागा स्वीकारली असती, तर कोणी त्यांना दोष दिला नसता. उलट कौतुकच झाले असते.

परंतु मावशी त्या कोपऱ्यात बसल्या नाहीत. वर्ध्यात मुलींच्या शिक्षणाची सोय व्हावी म्हणून त्यांनी खटपट केली. मुले संघाच्या शाखेत जात होती. त्यांच्यात येत चाललेली शिस्त आणि बंधुभाव आईच्या नजरेतून सुटला नाही. मुलांना जे मिळते ते मुलींना का मिळू नये, हा प्रश्न त्यांनी मनाशी घोळविला आणि तोच घेऊन त्या परमपूजनीय डॉक्टर हेडगेवार यांना भेटल्या. विचारविनिमय झाला. संघाला समांतर, पण स्वतंत्र अशी स्त्रियांची संघटना असावी असे ठरले आणि २५ ऑक्टोबर १९३६ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, वर्ध्यात राष्ट्र सेविका समितीची स्थापना झाली. सीमोल्लंघनाच्या दिवशी एका विधवा मातेने केलेले हे खरे सीमोल्लंघन होते.

तिशी उलटल्यावर त्या सायकल शिकल्या, पोहणे शिकल्या, सभेत बोलावयास शिकल्या. पुढे रामायणावरील त्यांची प्रवचने गावोगाव लोकप्रिय झाली. आपल्याला येत नाही ते शिकावे आणि शिकलेले दुसरीला द्यावे, एवढे साधे त्यांचे कार्यसूत्र होते. ऑगस्ट १९४७ मध्ये, फाळणीचा वणवा पेटलेला असताना, सिंधमधील सेविकांच्या बोलावण्यावरून मावशी विमानाने कराचीला गेल्या. १४ ऑगस्टच्या रात्री, शहरात पाकिस्तानचा जन्मोत्सव चालू असताना, एका घराच्या गच्चीवर त्यांनी सेविकांना धीर दिला. भारतात येणाऱ्या भगिनींची राहण्याची सोय आम्ही करू, हा शब्द त्यांनी दिला आणि तो पाळला गेला. निर्वासित मुलींना मुंबईतील कुटुंबांनी आपल्या घरात सामावून घेतले. घर हे संघटनेचे बळ असते, ते असे!

समितीपुढे मावशींनी तीन आदर्श ठेवले. मातृत्वासाठी राजमाता जिजाबाई, कर्तृत्वासाठी देवी अहल्याबाई आणि नेतृत्वासाठी झाशीची राणी लक्ष्मीबाई. ही नावे आपण नित्य उच्चारतो. पण या तिघींना जोडणारा एक धागा आपल्या ध्यानात येतो काय? तिघींनाही वैधव्य आले होते. १६६४ च्या जानेवारीत शहाजीराजे गेले. जिजाऊ सती जाण्यास निघाल्या असता शिवरायांनी त्यांना परावृत्त केले. त्यानंतर दोनच वर्षांनी शिवराय आणि नऊ वर्षांचे शंभूराजे आग्र्याला गेले, तेव्हा स्वराज्याचा भार आऊसाहेबांनीच सांभाळला. आई गमावलेल्या शंभूराजांना मायेची सावली देणारी आजीही तीच. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती गमावलेल्या अहल्याबाईंना मल्हारराव होळकरांनी सती जाऊ दिले नाही. पुढे काशी विश्वेश्वराचे मंदिर त्यांच्याच हातून पुन्हा उभे राहिले. झाशीच्या राणीला १८५३ मध्ये वैधव्य आले आणि अवघ्या पाच वर्षांत ती रणांगणावर अमर झाली.

रूढीने ज्यांना अपशकुनी ठरविले असते, त्यांच्याच हातून या राष्ट्राचे मंगल घडले. हा आपला इतिहास आहे. मग विधवेला ओवाळणीच्या ताटापासून दूर ठेवणारी प्रथा आपली परंपरा कशी म्हणता येईल? परंपरा कोणती आणि तिच्यावर साचलेली जळमटे कोणती, हे ओळखण्याचा विवेक हिंदू समाजाने वेळोवेळी दाखविला आहे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव ग्रामसभेत केला. त्या गावाचे अभिनंदन करावयाचे, पण आपल्या घरच्या मुंजीत मात्र आजीला मागच्या रांगेत बसवावयाचे, हे कसे चालेल? कायदा आणि ठराव दारापर्यंत येतात. देवघरापर्यंत आपल्यालाच जावे लागते.

२७ नोव्हेंबर १९७८ रोजी नागपुरात मावशींनी देह ठेवला. संसार सोडून त्या राष्ट्रकार्याला गेल्या नाहीत आणि राष्ट्रकार्यासाठी संसाराकडे पाठही फिरविली नाही. आठ मुलांचे घर चालविताना अंगी आलेला धीर, काटकसर आणि माया त्यांनी हजारो सेविकांच्या कुटुंबाला दिली. घरातली आई समाजाची मावशी झाली.

तेव्हा त्यांचे स्मरण करावयाचे ते केवळ प्रतिमेला हार घालून नव्हे. येत्या संक्रांतीला वाण देताना वस्तीतल्या एकाही भगिनीचे दार टाळू नका. घरातील मंगल कार्यात पहिले औक्षण आजीच्या हातून करवून घ्या, मग तिच्या कपाळी कुंकू असो वा नसो. तिने आयुष्यभर काय केले, हे नातवंडांना तिच्याकडूनच ऐकू द्या. ज्या समाजाला आपल्या आज्यांचे मोल कळते, त्याला उद्याच्या जिजाऊ शोधाव्या लागत नाहीत. त्या घरातच घडत असतात.

भारत माता की जय!