वाट मुलाची, शिदोरी आपली

जून उजाडला की खेड्यातले वडील मुलाला घेऊन सोलापूरच्या कॉलेजात येतात. “काय शिकायचंय?” असे मी मुलाला विचारतो, उत्तर देतात वडील! मुलगा खाली मान घालून उभा.

आपल्याच सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ साली त्यांनी चीनला जाण्यासाठी घरी परवानगी मागितली. तिकडे जपानशी युद्ध पेटलेले. तरी घरच्यांनी होकार दिला. १९४२ साली, बत्तिसाव्या वर्षी, ते तिकडेच वारले. तो होकार स्वस्त नव्हता.

आपल्या पोराची वाट कदाचित जवळचीच असेल. आज जेवताना त्याला विचारा, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. शिक्षकबंधूंनो, वर्गात आपणही तेवढे करू या.